खुशालराव वकिलांनी उचललेला बेलभंडार

खुशालराव देशमुख वकिली करायचे ती फक्त मालकांची. अकोल्यात कुठे हमाल अडून बसले, गाडीवाल्यांनी कापसाच्या गाड्या अर्ध्या वाटेत सोडल्या, की शेठलोक जुन्या शहरात खुशालरावांच्या ओसरीवर येऊन बसत. अमेरिकेत कुठेतरी लढाई जुंपली होती म्हणे. ती कोणाची कोणाशी हे वऱ्हाडात धड कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तिच्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना आपल्या कापसावाचून करमेनासं झालं होतं. रूळ अजून अकोल्यापर्यंत पोहोचले नव्हते. सगळा कापूस गाड्यांनी जायचा आणि मोर्णा नदीच्या उतारावर गाड्यांची अशी दाटी व्हायची की माणसाला पलीकडे जायला वाट मिळायची नाही. एवढी घाई आली, की तंटेही आलेच. आणि तंटे आले, की खुशालरावांची चैन.

त्यांची एक पद्धत होती. अशील समोर बसलं की ते 'काय झालं?' असं कधी विचारत नसत. 'कचेरीत काय सांगायचं आहे?' असं विचारत. काय झालं ते एकदा कळलं की जीभ अडखळते, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि त्यांची जीभ तोवर कधी अडखळली नव्हती. 'माझ्या अशिलाचं म्हणणं असं की' म्हणून एकदा सुरुवात झाली, की समोरचा अर्धा तिथेच गार व्हायचा. खरंखोटं अशिलाच्या पदरात, आपल्या पदरात फक्त बोलणं. असा मोठा सोयीचा हिशेब मांडून गृहस्थ सुखानं झोपत होते.

ही झोप पार्बताबाईनं उडवली.

पार्बताबाई केवलचंद शेठच्या वाड्यात रेच्यावर कामाला होती. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचं लाकडी यंत्र. हातानं फिरवायचं, आणि फिरवायच्या सगळ्या बायाच. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येक बाई ओटीत मूठ-दोन मुठी सरकी घेऊन जायची. घरी म्हैस असली तर म्हशीला, नसली तर शेजारणीच्या म्हशीला, आणि बदल्यात लेकरांना ताक. एका संध्याकाळी शेठनं पार्बताबाईला दारातच अडवलं, सगळ्यांदेखत ओटी सोडायला लावली, आणि सरकी जमिनीवर सांडली तेव्हा 'चोर' म्हणाला. दुसऱ्या दिवशी एकही रेचा फिरला नाही. बाया आल्या, रेच्यापाशी मांडी घालून बसल्या, आणि हात मांडीवर ठेवून राहिल्या. ऐन हंगामात! शेठ धावत खुशालरावांकडे, आणि तिथून कचेरीत.

कचेरीत प्रश्न सरळ होता. बाया म्हणत, ओटीची सरकी हा आमचा दस्तूर आहे. शेठ म्हणत, असा दस्तूर कधीच नव्हता. दस्तूर ठरला तर शेठनं बायांना अडवायचं नाही. नाही ठरला, तर बायांनी कामाला लागायचं आणि रोज संध्याकाळी दारात ओटी झटकून दाखवायची. शेठचे साक्षीदार 'नव्हता' म्हणाले, बायांचे साक्षीदार 'होता' म्हणाले, आणि न्यायाला बसलेला गोरा असिस्टंट कमिशनर साहेब जांभया देऊ लागला. तेव्हा पार्बताबाई पुढे आली.

"सायेब, यायच्या वकिलानं बेलभंडार उचलून सांगावं. थे म्हनतीन थे आमाले कबूल."

कचेरीत हशा पिकला. खुशालरावही हसले, पण उशिरा. शेठवर शपथ सोडायची सोडून ही बाई वकिलावर काय सोडते? शपथेवर वाद सोडायची रीत जुनी. एका बाजूनं म्हणायचं, अमुक माणसानं बेलाची पानं आणि भंडारा हातात घेऊन सांगावं, आम्ही मानू. मग त्यानं उचलला तर वाद संपला, नाही उचलला तरी संपला. पण शपथ घ्यायची ती वादातल्या माणसानं. वकील का वादातला माणूस असतो?

साहेबाला मात्र गंमत वाटली. देशी रीतीभातींची त्याला भारी हौस. त्यानं कचेरीचं दप्तर सांभाळणारे शिरस्तेदार अब्दुल गफ्फार यांना विचारलं. शिरस्तेदार निजामाच्या अमलातले जुने जाणते. त्यांनी सांगितलं की असं चालतं, आणि वर हेही सांगितलं की शपथ झाली की काही काळ त्या माणसाच्या घरावर नजर ठेवतात. त्या काळात घरात काही विपरीत घडलं, तर शपथ खोटी. साहेब खूश. पुढल्या अमावास्येपर्यंत मुदत ठरली. बेलभंडार उचलायचा की नाही, याचा विचार करायला वकिलाला पुढल्या आठवडी बाजारापर्यंतची सवड मिळाली.

"उचलून टाका ना," बाहेर आल्यावर केवलचंद शेठ म्हणाले. "तुमचं काय जाते? अमरावतीचे समदे अडते माह्याकडे पाहून राहिले. हे निभावलं तं त्यायचं काम बी तुमालेच."

म्हणजे उचलला तर अमरावतीची वकिली, आणि नाही उचलला तर कोणता मालक पुन्हा ओसरीवर चढतो! एवढं खुशालरावांना नीट कळत होतं. बाकी काहीच कळत नव्हतं. मलाच का? हा प्रश्न त्यांनी घरी गोदाबाईंना विचारला.

"तुमच्या तोंडावर लिवलं असन," बायको म्हणाली, "का हा मानूस भितो म्हून."

शिरस्तेदार म्हणाले, देशमुखांच्या घराण्याच्या नावावर लोकांचा भरोसा आहे. हे उत्तर खुशालरावांना फार आवडलं, पण खरं वाटलं नाही. शेठ म्हणाले, त्या बाईनं तुमचं काहीतरी पाहिलं असणार, आठवून पाहा. खुशालरावांनी रात्रंदिवस आठवलं आणि त्यांना जे जे आठवलं त्याचा सरकीशी काही संबंध नव्हता.

मग त्यांनी जन्मात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. काय झालं होतं, हे विचारायला निघाले. शेठच्या म्हाताऱ्या मुनीमाला गाठलं. तो म्हणाला, "आधी सरकीले इचारे कोन? ढीग पडे. बाया नेत, ढोरं खात. देनंही नाही अन अडवनंही नाही." मग तो दस्तूर झाला की नाही? मुनीम म्हणाला, ते वकिलांनी सांगायचं. खुशालराव छकडा जोडून अमरावतीला गेले. तिथे एक अडत्या छातीवर हात ठेवून म्हणाला की बायांची ओटी हा आमच्याकडे धर्म आहे, बापजाद्यांपासून. शेजारी बसलेला त्याचा भागीदार म्हणाला, कोणत्या बापाच्या वेळी? दोघांची तिथेच जुंपली आणि पाहुणा कशाला आला होता हे कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही. खुशालराव त्यांची पानसुपारी न घेताच उठले. जाताना डोक्यात एक प्रश्न होता, येताना दोन झाले. कोणी दिलं नाही आणि कोणी अडवलंही नाही, अशा गोष्टीला म्हणायचं तरी काय?

शेवटी त्यांनी वकिली डोकं चालवलं. शब्दच असे घ्यायचे की खोटं म्हणायला जागा नको. 'माझ्या समजुतीप्रमाणे, मालकाच्या उघड कबुलीनं चालत आलेला दस्तूर नव्हता.' हे वाक्य त्यांनी वाटेवर इतकं घोकलं, की छकड्याच्या बैलांनाही पाठ झालं असेल.

कचेरीत राजराजेश्वराच्या देवळातून बेल आणि भंडारा आणला होता. खुशालरावांनी ओंजळीत घेतला आणि वाक्य सुरू केलं.

"देशमुखसाब," अब्दुल गफ्फार अदबीनं म्हणाले, "बेलभंडाऱ्यावर समजूत चालत नाही. होता का नवता, येकच बोला."

खुशालरावांनी शेठकडे पाहिलं. साहेबाकडे पाहिलं. साहेब लेखणी घेऊन कौतुकानं बघत होता. पार्बताबाईकडे पाहायचं त्यांनी टाळलं. ओंजळीला घाम आला, बेलाची पानं चिकटली, आणि तोंडातून शब्द गेला.

"नव्हता."

पार्बताबाईनं बेलाला हात जोडले आणि म्हणाली, "बरं." रागावली नाही, रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. त्याच दुपारी रेचे फिरू लागले आणि संध्याकाळी बाया एकामागून एक दारात ओटी झटकून घरी गेल्या. शेठनं पेढे पाठवले. खुशालरावांनी पुडा न उघडताच गोदाबाईंकडे सरकवला.

आता अमावास्येपर्यंतचे दिवस. घरात जमुना होती. खुशालरावांची एकुलती एक लेक, पातूरहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. मुदत ठरली तेव्हा खुशालरावांना हे आठवलं नाही असं नाही. आठवलं होतं. पण शपथ खरी असली तर भ्यायचं कशाला, आणि खोटी असली तर ती खोटी आहे हे आपल्याला कुठे माहीत आहे, अशा भोवऱ्यात ते गरगरत राहिले.

त्या दिवसांत देशमुखांच्या घरात दही विरजलं नाही तरी धनी दचकायचे. विहिरीत पोहरा पडला, झालं. मांजर आडवं गेलं, झालं. गोदाबाईंच्या पायाला ठेच लागली तर हे अंगठ्याकडे पाहत बसले, की याला विपरीत म्हणायचं का? केवलचंद शेठचा निरोप आला की अमावास्येपर्यंत शिंकायचंसुद्धा नाही.

"मी खोटं बोललो का खरं, हेच मले समजून नाही राहिलं," एकदा जेवताना ते गोदाबाईंना म्हणाले.

"बोलले तुमी," गोदाबाई म्हणाल्या, "अन इचारता मले?"

सगळ्यात वाईट म्हणजे पार्बताबाई. तिची कामावर जायची वाट ह्याच ओसरीवरून. रोज सकाळी ती थांबायची, पदर डोक्यावर ओढायची आणि विचारायची, "वकीलसायेब, घरी सगयं बरं हाय ना?" बस, एवढंच. टोमणा म्हणावा तर आवाजात टोमणा नाही. शाप म्हणावा तर तोंडावर माया. खुशालराव 'बरं आहे' म्हणत, आणि मग आपण जरा फार ऐटीत बोललो, असं वाटून दिवसभर झुरत. एकदा तिनं जमुनेकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "पोट खाली उतरलं व माय. जपून राय." कचेरीत ही जिंकायची असेल तर या घरात काय घडायला हवं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तिलाही ठाऊक असणारच. त्यांनी लेकीला ओसरीवर बसायची बंदी केली.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी जमुनेला कळा सुरू झाल्या. घरची नेहमीची सुईण आली, आत गेली, आणि दुपार कलली तेव्हा बाहेर येऊन भिंतीला टेकून बसली.

"पोट्टं आडवं हाय," ती म्हणाली. "हे माह्या हातचं नाही. रेच्यावरच्या पार्बतीले बलवा. आडवं लेकरू सरकं करनारा हात गावात थिचाच हाय."

"तिला नाही," खुशालराव ओरडले. "दुसऱ्या कोणालाही आणा. तिला नाही."

त्यांच्या मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण आलं. आत लेकीचं ओरडणं बसत चाललं होतं आणि हा शहाणा माणूस ओसरीवर उभा राहून पार्बताबाईचा फायदा-तोटा मोजत होता. गोदाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. पायांत काही न घालता रस्त्यात उतरल्या आणि शेठच्या वाड्याकडे गेल्या. देशमुखांची सून भर दिवसा एकटी बाजारातून चाललेली जुन्या शहरानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पार्बताबाई आली ती केसांत कापसाचे तंतू घेऊनच. वाड्याच्या दारात पहारेकऱ्यानं तिला अडवलं होतं, ओटी झटकून दाखवल्याशिवाय सोडलं नव्हतं. गोदाबाईंना ते उभं राहून पाहावं लागलं होतं. पार्बताबाईनं खुशालरावांकडे पाहिलं नाही. ऊन पाणी मागितलं, तेल मागितलं, आणि दार लावून घेतलं.

मग बराच वेळ तिचा एक आवाज तेवढा बाहेर येत राहिला. "हो माय. अशी. दम धर. सरकलं व, सरकलं." खुशालरावांनी देवाला हाक मारायचा प्रयत्न केला, पण देवाला काय सांगायचं ते सुचेना. मी खरं बोललो, म्हणून वाचव? का मी खोटं बोललो, तरी वाचव? शेवटी नुसतंच 'वाचव' म्हणाले.

गुरं परतायच्या वेळेला आतून लेकरू रडलं. खुशालराव ओसरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

"पोट्टी झाली," पार्बताबाई दारात येऊन म्हणाली. "दोघी बऱ्या हायेत. पोरीच्या मायले ऊनऊन पेज द्या." गोदाबाईंनी तिला पाटावर बसवलं, नवं लुगडं दिलं, आणि गव्हानं तिची ओटी भरली. ती निघून गेली.

अमावास्या उलटली. कचेरी भरली. शिरस्तेदारांनी पार्बताबाईला रीतीप्रमाणे विचारलं, "वकीलसाबच्या घरी काही विपरीत घडलं?"

"नाही जी," ती म्हणाली. "नात झाली. अडली होती, पन सुखरूप आली."

साहेबानं मान डोलावली. शपथ खरी ठरली. खुशालराव एकदम उभे राहिले.

"साहेब, विपरीत घडणारच होतं. या बाईनं घडू दिलं नाही."

साहेबानं विचारलं, म्हणजे घडलं की नाही घडलं? खुशालराव म्हणाले, नाही घडलं. मग? साहेबानं लेखणी दौतीत बुडवली. निकाल लिहिला गेला. दस्तूर नव्हता. ओटी झटकायचा नेम कायम. केवलचंद शेठनं पाठीवर थाप मारली आणि अमरावतीच्या अडत्यांना सांगावा धाडायला पुढे निघून गेले.

कचेरीच्या पायऱ्यांपाशी खुशालरावांनी पार्बताबाईला गाठलं. कचेरीतलं बोलणं गळून पडलं होतं, घरचं तेवढं तोंडात राहिलं होतं.

"पार्बताबाई, पोर गेली असती तं तू जिंकली असती. तुले हे मालूम होतं ना?"

तिला हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला. "अवं माय! असं कोनी करते का? लेकरू अडलं होतं ना जी."

"मंग रोज सकाळी काहून इचारे?"

"घरात पोटुशी लेक, अन बापाच्या डोक्यावर बेलभंडाराचं वझं. मले काळजी वाटे."

खुशालराव पायरीवर टेकले. "मंग मलेच काहून? येवढ्या मानसायतून माह्यावरच काहून सोडली शपथ?"

"आमाले मालूम नवतं म्हून," पार्बताबाई म्हणाली. "माही सासू ओटी नेत जाय, थिची सासू बी नेत जाय. पन थो दस्तूर होता, का कोनी पाहे नाही म्हून नेत, हे आमच्यातल्या येकीलेही धड सांगता येना. शेठ तं त्याच्या फायद्याचंच सांगन. म्हनलं, वकील शिकलेला मानूस. चार जागी इचारन, अन खरं काय थे सांगन. तुमी अमरावतीपरेंत जाऊन इचारून आले, असं आयकलं होतं. तुमी म्हनलं नवता, मंग आमी मानलं. घरी जाऊन म्या माह्या पोरीले सांगतलं, का बाई, तुह्या आजीनं जलमभर चोरीच केली, तिले मालूम नवतं. आता आपून करू नाही."

रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. धुळीत खुशालराव बसून राहिले. इतके दिवस त्यांनी या बाईच्या डोळ्यांत काय काय शोधलं होतं, आणि तिथे फक्त विश्वास होता. त्यांना स्वतःची किळस आली.

"पार्बताबाई," ते म्हणाले, "मले मालूम नव्हतं."

"काय जी?"

"दस्तूर होता का नव्हता. इचारलं मी, पन काहीच समजलं नाही. अजूनही मालूम नाही."

पार्बताबाईच्या चेहऱ्यावरची माया हळूहळू ओसरली, आणि तिच्या जागी जे आलं ते खुशालरावांना पाहवेना.

"मंग उचलला काहून?"

खुशालराव उठले. खाली उतरायचं सोडून पुन्हा पायऱ्या चढले. वर शिरस्तेदार दप्तर बांधत होते.

"काही विसरलं का, देशमुखसाब?"

"लिहून घ्या," खुशालराव म्हणाले. "मी बेलभंडार उचलला तेव्हा मला काहीही माहीत नव्हतं. साहेबांपुढे ठेवा."

अब्दुल गफ्फार यांनी दार ढकलून घेतलं. "साब, वकिलीची सनद जाईन. या जिल्ह्यात परत कोनी उभं करनार नाही तुमाले. अन इतकं करून बी साहेब निकाल फिरवीन का नाही, थे मी सांगू शकत नाही."

"मलाही माहीत नाही. लिहा."

शिरस्तेदारांनी बांधलेलं दप्तर सोडलं, दौत पुढे ओढली आणि खाली वाकून लिहायला लागले. खुशालरावांनी खिडकीतून पाहिलं. पार्बताबाई अजून पायऱ्यांपाशीच उभी होती. तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं.